एकशे ऐंशी वेण्या

कात्री हातात धरून सव्वीस वर्षं झाली होती, तरी वेणी कशी घालतात हे कारागिराला ठाऊक नव्हतं. हसू नका. पुरुषांचं सलून आहे त्याचं. दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतभर आरसा. तिथे येऊन कोण म्हणणार, जरा वेणी घालून द्या? कटिंग आणि दाढी, बस्स. माणसाचा उभा जन्म लोकांचे केस कमी करण्यात गेला, आणि त्याच्याच घरी आली कोण, तर कमरेपर्यंत केस असलेली सात वर्षांची मुलगी. वर अट अशी की तिच्या एका बटेलाही कात्री लागता कामा नये.

अट मुलीच्या आईची होती. ती कुठे असते, काय करते, हे कारागिराला आणि त्याच्या बायकोला कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिला मूल सांभाळणं जमलं नाही, मुलगी चार वर्षांची असताना सरकारी ऑफिसने तिला ताब्यात घेतलं, आणि पुढच्या तीन वर्षांत तिची तीन घरं झाली. लोक सांभाळायला म्हणून ठेवून घ्यायचे, मग काहीतरी निमित्त निघायचं, आणि पोरीची पिशवी पुन्हा भरली जायची. शेवटी आईने तिला कायमचं दत्तक द्यायला सही केली. पण सही झाली म्हणून मूल लगेच तुमचं होत नाही. एकशे ऐंशी दिवस ते तुमच्या घरात राहणार, ऑफिसच्या ताई दर महिन्याला येऊन बघणार, आणि सगळं ठीक असलं तर मग कोर्ट शिक्का मारणार. तोवर आईला शेवटच्या दिवसापर्यंत मुभा होती. एका कागदावर एक ओळ लिहून दिली की सही रद्द. का म्हणून विचारायची सोय नाही.

हे एकशे ऐंशी दिवस ज्याने काढले त्यालाच त्यातलं कळतं. बाकीच्यांनी 'होईल हो सगळं नीट' असं म्हणत पाठ थोपटू नये, एवढे उपकार करावेत. चौदा वर्षं वाट बघितलेल्या नवराबायकोला नीट म्हणजे काय आणि बिघडणं म्हणजे काय, हे दुसऱ्याने शिकवायची गरज नसते.

ऑफिसने नियमांची एक पुस्तिका दिली होती. मुलीला गावाबाहेर न्यायचं तर आधी कळवा. ताप आला, कळवा. गुडघा खरचटला, कळवा. दुकानात तिचा फोटो लावू नका. हे सगळं छापील. शेवटच्या पानावर मात्र पेनाने लिहिलं होतं : 'आईची विनंती. कोर्टाचा आदेश होईपर्यंत मुलीचे केस कापू नयेत.'

"हे कशासाठी?" कारागिराने विचारलं होतं.

"कारण नाही सांगितलं त्यांनी," ऑफिसच्या ताई म्हणाल्या. तिशीच्या असतील, पाठीवर सॅक आणि काखेत ही जाडजूड फाईल. "पण फाईलमध्ये आहे म्हणजे पाळायचं. आणि काका, तुमचा धंदा बघून मुद्दाम बजावतेय हं."

"अहो ताई, मी काय वेडा आहे का?" कारागीर म्हणाला. आणि तो खरंच वेडा नव्हता. पुढे जे झालं ते वेडेपणाने झालं नाही.

बायको बेकरीत भट्टीवर होती. पहाटे चारला घर सोडायची ती दुपारी एकला परत. म्हणजे मुलीला उठवणं, दूध देणं, शाळेत पोचवणं हे सगळं कारागिराच्या गळ्यात, आणि त्यात ते केस. पहिल्या दिवशी त्याने बेकरीत फोन लावला. "अगं, तीन भाग करायचे का चार?" भट्टीपुढे घामाघूम उभी असलेली बायको म्हणाली, "तीन! आणि फोन ठेव, माझे पाव करपतील."

पहिली वेणी कानापासून सुरू झाली आणि खांद्यापाशी संपली. म्हणजे केस संपले नव्हते, वेणीच संपली. दुसऱ्या दिवशीची इतकी घट्ट की पोरीचे डोळे ताणले गेले. तिने हूं का चूं केलं नाही. शाळेतल्या बाईंनी ती सोडवली, आणि चिठ्ठी पाठवली. कारागिराची मान खाली गेली. त्या दुपारी त्याने फरशी पुसायचा दोऱ्यांचा झाडू बाकावर उलटा उभा केला आणि त्याच्यावर सराव सुरू केला. समोर बसलेल्या निवृत्त पोस्टमनना हे बघून ठसका लागला. हे पोस्टमन म्हणजे दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक. डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, पण पेपर वाचायला आणि जगाला सल्ला द्यायला सकाळ-दुपार हजर.

"कारागीर, भांग मधोमध पाडा आधी," ते झाडूकडे बघत म्हणाले. "चेहरा उठून दिसेल."

महिनाभरात हात बसला. दुकान उघडायच्या आधी, सात वाजता, ती आरशासमोरच्या खुर्चीत फळी टाकून बसायची आणि तो मागे उभा राहायचा. अर्धा तास लागायचा. एवढे केस, आणि तेही नुसते बघितले तरी गुंता होणारे.

सव्वीस वर्षांत कारागिराला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस समोरासमोर जे बोलत नाही ते आरशात बघून बोलतो. तोंडावर काही न सांगणारे लोक खुर्चीत बसले की बायकोचं भांडण, साहेबाचा जाच, सगळं आरशाला सांगतात, कारण मागच्याचे हात कामात असतात आणि डोळे केसांवर. म्हणून तो काही विचारायचा नाही. नुसता विंचरायचा. विसाव्या-एकविसाव्या दिवशी पोरगी आरशाला म्हणाली, "पहिल्या घरी कुत्रा होता." एवढंच. चार दिवसांनी, "तो माझ्यावर भुंकायचा नाही. बाकी सगळे भुंकायचे." असं थेंब थेंब करत तीन घरं बाहेर आली.

बायकोने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. ती आली त्या आठवड्यातच उशीच्या अभ्र्यात बिस्किटं सापडली, चुरा झालेली, अठरा. बायकोने अभ्रा झटकला, आणि दुसऱ्या दिवसापासून बेकरीतून एक ताजा पुडा आणून उघड उघड उशीशेजारी ठेवायला लागली. "मुंगीबाईंचं कोठार आहे ते, कुणी हात लावायचा नाही," असं नवऱ्यालाच दटावलं. तिसऱ्या महिन्यात पुडे तसेच पडून राहायला लागले. तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडली.

मुंगी त्याला कारागीरच म्हणायची. दुकानात सगळे म्हणायचे, म्हणून तीही. बायकोला मावशी. पण चौथ्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "कारागीर, दुखतंय. हळू ओढ ना!" तोवर 'तुम्ही' होतं, आणि दुखलं तरी तोंडातून आवाज नव्हता. ते 'ओढ ना' ऐकून कारागिराला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्याने पोस्टमनना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

एकशे एकसष्टावा दिवस शनिवार होता. शाळेला सुट्टी. बायको कामावरून येऊन घरी आडवी झाली होती. मुंगीने न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि ती तशीच ठिबकत दुकानात आली. एक गिऱ्हाईक नुकतंच उठलं होतं. मुंगी रिकाम्या खुर्चीत चढली. "वेणी घाल. मला समोरच्या घरी खेळायला जायचंय."

"फ्रॉक भिजतोय बघ तुझा," म्हणून कारागिराने गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधतो ते पांढरं कापड झटकलं आणि तिच्या गळ्याभोवती बांधलं. एकशे साठ दिवसांत ते त्याने कधी बांधलं नव्हतं. वेणीला कापड कशाला लागतं?

पोस्टमन बाकावरून शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीचं रामायण सांगत होते. टाकी कशी गळली, शेजारी कसा कबूल होईना, मग हे कसे शिडी लावून वर चढले. कारागीर "हं, मग?" करत होता. गळ्याला कापड, ओले केस, कंगवा. सव्वीस वर्षांत यांच्या पुढे एकच गोष्ट आलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांत बट आली, उजव्या हाताने न बघता आरशाखालच्या फळीवरची कात्री उचलली, पोस्टमन म्हणाले "आणि आत बघतो तर काय!", आणि कारागीर म्हणाला "काय?", आणि कात्री चालली.

चांगली वीतभर बट पांढऱ्या कापडावर पडली.

हाताने काय केलं ते डोक्याला कळायला दोन क्षण गेले. पोस्टमनची टाकी मध्येच थांबली. कारागिराने आरशात बघितलं. मुंगी रडत नव्हती. ती त्या बटेकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पहिल्या दिवशी दारात पिशवी घेऊन उभी होती तसा झाला होता. त्या चेहऱ्याचीच कारागिराला भीती वाटली.

"मी काही बघितलं नाही," पोस्टमन घाईघाईने उठत म्हणाले. "माझा चष्मा घरी आहे." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. दारातून ते पुन्हा आत वळले आणि हळूच म्हणाले, "अहो, डाव्या कानामागची तर आहे. आतून घेऊन झाकून टाका. एकोणीस दिवसांचा प्रश्न! तुमच्यासारख्या माणसाला काय अवघड आहे?"

अवघड काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. कारागिराला एका नजरेत दिसलं होतं, बट कुठून वळवायची, वेणी कुठल्या बाजूने सुरू करायची. ऑफिसच्या ताई सोमवारी येणार होत्या. दहा ताई आल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता.

पोस्टमन गेले. दुकानात दोघंच उरली.

"मी सांगीन," मुंगी आरशाला म्हणाली. "मीच कापले म्हणून. शाळेतल्या कात्रीने."

"काय?"

"मी सांगितलं की तुला कुणी काही बोलणार नाही. मला येतं नीट सांगायला. दुसऱ्या घरी ग्लास फुटले की मी सांगायचे, मी फोडले. एकदा तिथले काका जिन्यावरून पडले, तेव्हा मी सांगितलं की मी पाणी सांडलं होतं. मी नव्हतं सांडलं."

"मग?" कारागिराने विचारलं.

"मग अजून थोडे दिवस ठेवायचे."

कारागिराने खुर्ची गर्रकन फिरवली. आरसा मागे गेला आणि दोघं समोरासमोर आली. तो खाली गुडघ्यावर बसला.

"मुंगे, इकडे बघ. केस कुणी कापले?"

"तू."

"चूक कुणाची?"

ती कापडाच्या कडेशी चाळा करायला लागली.

"माझी. माझी चूक तू घ्यायची नाहीस. माझीच काय, कुणाचीच नाही. सोमवारी ताई आल्या की मी सांगणार आहे."

"मग मला नेतील?"

त्याला 'छे, वेडी का काय' म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण जिला तीन घरांनी असंच 'छे छे' म्हणून फसवलं तिला चौथ्याने पुन्हा तेच सांगायचं? "मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण मला तू हवी आहेस. तुझ्या मावशीलाही. हे माहीत आहे."

बायकोला सांगितलं तेव्हा घरात आधी भांडण झालं, आणि चांगलं जोरदार झालं. "चौदा वर्षं!" बायको म्हणाली. "चौदा वर्षं थांबलो आणि एकोणीस दिवस तुला हात आवरता येईना? आणि आता वर साळसूदपणे सांगायला निघालास! काही सांगायचं नाही. मी बांधते तिची वेणी, मी बघते कोणाला दिसतंय ते!"

"ती म्हणाली, मीच कापले असं सांगीन."

"मग? पोरीला एवढी अक्कल आहे, तुला—" बायको थांबली. "का म्हणाली असं?"

त्याने ग्लासांचं आणि जिन्याचं सांगितलं. बायको पाटावर टेकली. "म्हणजे आपण लपवलं तर आपलंही तेच घर झालं," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "सांग. पण चहा व्हायच्या आधी सांग. चहा होईपर्यंत माझा धीर टिकणार नाही."

सोमवारी ताई बाकावर टेकतात न टेकतात तोच कारागिराने सगळं सांगून टाकलं, पोस्टमनच्या टाकीसकट. ताईंनी मुंगीचे केस मोकळे करायला लावले, बट बघितली, फाईल उघडली आणि लिहायला लागल्या.

"काका, तुम्ही बोलला नसतात तर मला दिसलंही नसतं."

"ठाऊक आहे."

"मग कशाला बोललात?" त्यांनी हे फाईलमधून मान वर न काढता विचारलं. कारागिराने मुंगी काय म्हणाली ते सांगितलं. ताईंचं पेन थांबलं. मग त्यांनी तेही लिहून घेतलं, शब्दन् शब्द. "मला आईला कळवावं लागेल," त्या उठताना म्हणाल्या. "त्यांनी ही एकच गोष्ट मागितली होती. त्या काय ठरवतील ते माझ्या हातात नाही. मी खोटा धीर देत नाही, रागावू नका."

त्यानंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. कारागिराने एका नवरदेवाची दाढी करताना त्याला हनुवटीवर कापलं. बायकोचा बावीस वर्षांत पहिल्यांदा पावांचा अख्खा ट्रे करपला. मुंगी शहाण्यासारखी वागत होती, नको इतकी शहाण्यासारखी. वेणी घालताना दुखलं तरी पुन्हा गप्प राहायला लागली. आणि एका दुपारी चादर बदलताना बायकोला अभ्र्यात बिस्किटं सापडली. या खेपेला चुरा नव्हता. कागदात नीट बांधलेली होती, प्रवासाला निघाल्यासारखी.

एकशे चौऱ्याहत्तराव्या दिवशी ताईंचा फोन आला. मुलीच्या आईला भेटायचंय. ऑफिसमध्ये नको म्हणाल्या. जिथे केस कापले तिथे यायचंय. उद्या चार वाजता.

दुसऱ्या दिवशी कारागिराने दुपारीच दारावर 'बंद' लावलं. बायको बेकरीच्या कपड्यांतच आली, बाह्यांना पीठ तसंच. मुंगी खुर्चीत बसली होती, पाय लोंबकळत, सकाळची वेणी पाठीवर.

चारला दार उघडलं. ताईंच्या मागून जी आत आली ती पंचविशीची एक किडकिडीत मुलगी होती. मुलगीच म्हणायची, दुसरं काय. तिचे केस मुलांसारखे बारीक कापलेले होते. कारागिराच्या नजरेने न सांगता ओळखलं, घरच्या घरी, बोथट कात्रीने, आरशात बघून स्वतःच कापलेत. मानेकडे ओबडधोबड राहिले होते.

"आई," मुंगी म्हणाली. पण खुर्चीतून उतरली नाही. आईही दोन पावलं लांबच थांबली. कुणाला काय करावं कळेना.

"बसा ना," कारागीर म्हणाला. ती बसली नाही.

"कुठून कापले?"

त्याने वेणी बाजूला घेऊन डाव्या कानामागे दाखवलं. आईने बोटाने ती आखूड बट चाचपली. "मला वाटलं, सगळे कापले असतील," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या एकच बट. मला खरं नाही वाटलं." तिने खिशाला हात लावला. "मी कागद लिहून आणलाय. सही परत घ्यायचा. ताईंना माहीत नाही."

ताई ताठ झाल्या. बायकोने खुर्चीची पाठ घट्ट धरली. कारागीर मात्र वेगळंच बोलला. "चूक माझी आहे. तिची नाही. काय ठरवाल ते त्यावर ठरवा."

आईने खिशावरचा हात काढला. "मी पण अशाच घरांत वाढले," ती हळूहळू म्हणाली. "शेवटी एका मोठ्या वसतिगृहात. तिथे सगळ्या मुलींचे केस मशीनने बारीक करायचे. उवा नकोत, गुंता नको, वेळ नको. दोन मिनिटांत एक डोकं. नऊ वर्षं मशीन सोडून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नाही. म्हणून मी हिच्यासाठी लिहून दिलं, कापायचे नाहीत. लांब केस असले की कुणाला तरी रोज हिच्या मागे अर्धा तास बसावंच लागतं. मला ते बसणं जमलं नाही, माझी तेव्हाची हालत... जाऊ द्या. पूर्वी भेटीला आणायचे ना, तेव्हा मी आधी हिचे केस बघायचे. गुंता असला की मला कळायचं. सही केल्यावर भेटी बंद झाल्या. आणि मग ताई म्हणाल्या, कापले. मला वाटलं, हेही कंटाळले."

कारागिराने फळीवरचा कंगवा उचलला आणि पुसून पुन्हा जागेवर ठेवला.

"रोज कोण घालतं वेणी?" आईने मुंगीला विचारलं.

"हा."

"रोज?"

"रोज. आधी याला येत नव्हती. झाडूवर शिकला." मुंगीने जरा विचार केला. "ओढतो कधी कधी. मग मी ओरडते."

"ओरडतेस?" आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तू ओरडतेस याच्यावर?"

"हो. मग तो थांबतो."

आईने तोंडावर हात घेतला. ती भिंतीकडे वळली. बायको पुढे झाली, काय करावं न कळून तिने पिठाच्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आईच्या काळ्या सदऱ्यावर पांढरी बोटं उमटली. कुणीच ती झटकली नाहीत.

"मी घालू?" आईने विचारलं. "एकदा?"

कारागीर बाजूला झाला. आईने वेणी सोडली, कंगवा घेतला, खालून वर विंचरत आली. हात सफाईदार होता, त्याच्यापेक्षा कितीतरी. भांग रेघेसारखा सरळ पडला. मुंगीने डोळे मिटून घेतले होते. मध्येच एकदा वाकून आईने केसांचा वास घेतला. वेणी मानेपर्यंत छान उतरली आणि तिथे अडली. ती आखूड बट धरून राहीना. दोनदा आत घेतली, दोनदा निसटली.

"ही राहत नाही," आई म्हणाली.

"तिला खालच्या पदराबरोबर धरावं लागतं," कारागीर म्हणाला. "असं." त्याने हात पुढे केला. क्षणभर तिन्ही पदरांवर दोघांची बोटं होती. आईने एक पदर त्याच्या बोटांत दिला, मग दुसरा. तिसरा तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"पक्की धरलीत?"

"धरली."

तिने हात काढून घेतले. खिशातून कागद काढला, उभा फाडला, आडवा फाडला, आणि तुकडे ताईंच्या हातात दिले. ताई त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या आणि त्यांना फाईल उघडायचंही सुचलं नाही. आई दाराकडे वळली.

"आई," मुंगी म्हणाली. वेणी कारागिराच्या हातात होती म्हणून तिला मान वळवता येत नव्हती. तिने आरशातूनच हाक मारली. "जाऊ नको ना लगेच. पूर्ण होऊ दे."

आई परत फिरली, बाकावर बसली, आणि वेणी शेवटपर्यंत होईतो तिथून उठली नाही.